मदत हवी आहे: वर्कफ्लोमधल्या डिलेंचं गणित चुकतंय

नमस्कार मंडळी,

ऑनलाइन दुकानासाठी कार्ट अर्धवट सोडून जाणाऱ्यांचा ईमेल वर्कफ्लो (ठरल्या क्रमाने आपोआप मेल पाठवणारी साखळी) बनवलाय. रचना साधी आहे. कार्ट सोडलं की १ तास डिले (म्हणजे थांबा), मग आठवणीचा पहिला मेल. १ दिवस डिले, दुसरा मेल. आणखी २ दिवस डिले आणि तिसरा मेल, त्यात सवलतीचं कूपन. कूपन माणूस वर्कफ्लोमध्ये शिरतानाच तयार होतं आणि ७२ तास चालतं.

मेल रात्री दोन-अडीचला जायला लागले, म्हणून प्रत्येक मेलच्या आधी ‘सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६’ अशी वेळेची अट टाकली. तिथून बिनसलं. शुक्रवारी रात्री ११:२०ला कार्ट सोडलेल्या एका बाईंना पहिला मेल सोमवारी सकाळी १०ला गेला, दुसरा मंगळवारी, तिसरा गुरुवारी. कूपन टाकलं तर ‘मुदत संपली’. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘मग पाठवता कशाला?’ काय बोलणार!

दुसरं दुखणं. एकाने पहिला मेल वाचून संध्याकाळी खरेदी केली, तरी दुसऱ्या दिवशी त्याला ‘तुमचं कार्ट वाट पाहतंय’ गेलं. खरेदी झाली का ही तपासणी ठेवली आहे, पहिल्या मेलच्या लगेच खाली.

टेस्ट करताना सगळे डिले एकेक मिनिटाचे केले होते, तेव्हा सगळं सुरळीत चाललं. आणि आता डिले बदलले तर मध्येच थांबलेल्या दोनेकशे लोकांचं काय होईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

वेळेच्या अटीवर खापर फोडू नका. ती काढून बघा: १ + २४ + ४८ = ७३ तास. कूपन ७२चं. म्हणजे अट नसतानाही तिसरा मेल पोचायच्या तासभर आधी ते मेलेलंच होतं. एकेक मिनिटाच्या टेस्टमध्ये हे दिसणार कसं?

कूपन आत शिरताना बनवू नका, तिसऱ्या मेलच्या ऐन आधी बनवा. मेलमध्ये ‘२४ तास उरले’ असं हाताने लिहिलं असेल तर तेही काढा. शेवटची तारीख आणि वेळ कूपनच्या फील्डमधून (सिस्टीममधल्या नोंदीतून) उचला.

तपासणीचंही तेच. पहिला मेल गेला त्या क्षणी खरेदी झालेली नव्हती, म्हणून माणूस पुढे सरकला आणि दिवसभर डिलेत बसला. त्या दिवसात तो काय करतो ते कोणी बघतच नाही. क्रम असा हवा: डिले, वेळेची अट, तपासणी, मेल. तेही प्रत्येक मेलच्या आधी. टूलमध्ये ‘गोल’ (goal, म्हणजे उद्दिष्ट) किंवा बाहेर पडण्याची अट असेल तर उत्तमच, डिलेत बसलेला माणूसही खरेदी होताच बाहेर निघतो.

थांबलेल्यांबद्दल: बरीच टूल्स डिलेत शिरतानाच सुटायची वेळ ठरवून ठेवतात, नंतर डिले बदलला तरी त्यांना जुनीच वेळ लागते. चालत्या वर्कफ्लोत हात घालू नका. कॉपी करून नवा बनवा आणि जुन्यात नवीन माणसं येणं बंद करा. जुन्यातल्या दोनशेंच्या कूपनांची मुदत दुकानाच्या सिस्टीममधून वाढवून टाका, विषय संपला.

प्रतिसाद २

शनिवार-रविवार का बंद ठेवलेत? ऑफिसचा पत्रव्यवहार आहे का हा? खरेदीला लोकांना सुट्टीतच वेळ असतो. शिवाय दोन दिवसांचे अडकलेले सगळे मेल सोमवारी १०च्या ठोक्याला एकदम सुटतात. आणि हे १० कोणाच्या घड्याळातले? अकाउंटचा टाइमझोन एकदा बघून घ्या, काही ठिकाणी तो मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो.

धागाकर्ता

७३! तीन आठवडे डोळ्यांसमोर होतं. टाइमझोन बरोबर आहे. नवी कॉपी तयार केली, शनिवार-रविवार उघडले. आज शुक्रवारच आहे, तर टेस्टचा कॉन्टॅक्ट रात्री ११:२०लाच आत सोडतो, खऱ्या डिलेंसकट. उद्या सकाळी १०ला मेल आला की इथे कळवतो.