चर्चा: मूलपेशी काय बनणार, हे पेशीचक्र ठरवतं का?

पेशीवेडी:
भ्रूणीय मूलपेशींवर (शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या, भ्रूणातून घेतलेल्या पेशी) काम सुरू केल्यापासून हा प्रश्न पाठ सोडत नाही. डिश एक, माध्यम एक, संकेतही तोच. तरी काही पेशी लगेच रूप बदलतात आणि काही ढिम्म! फुची ही चमकणारी खूणप्रथिनं लावलेल्या पेशी पाहिल्या आणि कोडं उलगडलं असं वाटलं. यात पेशीचक्राचा, म्हणजे एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतच्या प्रवासाचा, टप्पा रंगाने कळतो: जी-१ (विभाजनानंतरची वाढ) मध्ये केंद्रक लाल, एस (डीएनएची प्रत काढणं) आणि जी-२ (पुढच्या विभाजनाची तयारी) मध्ये हिरवं. एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी, एक लाल, एक हिरवी. एरवी दोघींत काही फरक दिसला नसता.

२०१३ मध्ये पॉकलिन आणि वॅलियर यांनी मानवी पेशी याच रंगांवरून वेगळ्या केल्या. जी-१ च्या सुरुवातीच्या पेशी अंतःस्तराकडे (ज्यापासून आतडं, यकृत बनतं तो थर) सहज वळल्या, जी-१ च्या अखेरच्या मज्जासंस्थेच्या वाटेला लागल्या. कारणही मिळालं. जी-१ सरत आला की सायक्लिन डी हे प्रथिन वाढतं, सीडीके-४/६ या विकरांच्या साथीने स्मॅड-२/३ या निरोप्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतं, आणि मग स्मॅडला केंद्रकात शिरता येत नाही. अशा वेळी अ‍ॅक्टिव्हिन (अंतःस्तराकडे वळवणारा संकेत) कितीही ओता, निरोप आत पोचत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पेशीचं भवितव्य चक्रच ठरवतं.

कणाद:
'ठरवतं' हा शब्द मला मान्य नाही. जी-१ लांबला की विभेदन (मूलपेशीने विशिष्ट प्रकारची पेशी बनणं) आपोआप सुरू होतं, असंही पूर्वी लोक छातीठोकपणे सांगत. २०१२ मध्ये कर्शनर यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या पेशींत जी-१ लांबवून पाहिला, पेशी मूलपेशीच राहिल्या. निसर्गातलंच उदाहरण घ्या. उंदरीण पिल्लांना पाजत असते तेव्हा पोटातला नवा भ्रूण ब्लास्टोसिस्ट अवस्थेत (गर्भाशयात रुजण्याआधीचा पेशींचा पोकळ गोळा) थबकतो. विभाजन जवळपास बंद, पण पेशींची क्षमता शाबूत. अनुकूल वेळ आली की तोच भ्रूण रुजून वाढू लागतो.

पेशीवेडी:
तुम्ही जी-१ ची लांबी आणि पेशीचं त्यातलं स्थान यांची गल्लत करताय. लांबीचा मुद्दा मी सोडते, तिथे तुमचं बरोबर आहे. पण थबकलेल्या भ्रूणाला विभेदनाचे संकेतही मिळत नाहीत. माझं म्हणणं संकेत आल्यावर काय होतं, त्याबद्दल आहे.

सूक्ष्मदर्शी:
दोघेही जी-१ मध्येच अडकलात. २०१५ चं गोन्झालेस आणि सहकाऱ्यांचं काम वाचा. एस आणि जी-२ मधल्या पेशी बहुक्षमता (कुठलीही पेशी बनण्याची क्षमता) नुसती बाळगत नाहीत, धरून ठेवतात. त्यात एटीएम-एटीआर ही डीएनएच्या तपासणीची यंत्रणा आणि सायक्लिन बी-१ हे प्रथिन यांचा हात आहे. आणखी एक: नोकोडॅझोल या विभाजन रोखणाऱ्या औषधाने पेशी एका टप्प्यावर आणून काढलेले निष्कर्ष मी जपूनच घेतो. औषधाचा परिणाम आणि टप्प्याचा परिणाम वेगळा कसा करणार?

कणाद:
हे पटलं. पेशीवेडी, एक विनंती. विभाजनानंतर दोन्ही भगिनीपेशी जी-१ एकाच क्षणी सुरू करतात. चक्रच ठरवत असेल तर बहुतेक जोड्या एकाच वाटेने जायला हव्यात. तुमच्या चित्रणात अशा जोड्या सापडतील?

पेशीवेडी:
सापडतील, मोजते. पण जोड्या सारख्या निघाल्या तरी माझा मुद्दा सिद्ध होणार नाही, कारण दोघींनी एकाच पेशीतली प्रथिनं वाटून घेतलेली असतात. वेगळ्या निघाल्या, तर मात्र 'ठरवतं' हा शब्द मागे घेईन.