अर्ली अर्जावरची बंधनं: शिस्त की दादागिरी?

एडिसनकर
लेक बारावीला आहे, अमेरिकेतल्या 'अर्ली' अर्जाची, म्हणजे नेहमीच्या फेरीआधी अर्ज करून निकालही आधीच मिळवण्याची, १ नोव्हेंबरची मुदत तोंडावर आलीये. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, चौघांचं म्हणणं एकच: आमच्याकडे अर्ली अर्ज करायचा तर दुसऱ्या खासगी विद्यापीठात अर्ली करायचा नाही. बरं, डिसेंबरात प्रवेश मिळाला तरी आपण बांधील नाही, १ मेपर्यंत कळवलं की झालं. बांधायचंच नाही तर गळ्यात दावं कशाला? मला तरी ही निव्वळ दादागिरी वाटते.

खडूस_खान्देशी
अजिबात पटलं नाही. अट काढली की प्रत्येक हुशार पोर चारही ठिकाणी अर्ली टाकणार. मग 'अर्ली'ला अर्थ काय उरला? नेहमीचीच फेरी, फक्त दोन महिने आधी. अर्ली मुळातच नको म्हणाल, तर तेही करून झालंय. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टननं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं, फायदा सुखवस्तू घरांनाच होतो म्हणून. बहुतेकांनी ढुंकून पाहिलं नाही. २०११ मध्ये दोघांनीही ते मुकाट पुन्हा सुरू केलं.

रानजाई
एडिसनकर, तुम्ही भलत्याशीच भांडताय. या चौघांची अट त्यातल्या त्यात सौम्य आहे. सरकारी विद्यापीठं मोकळी, परदेशातली मोकळी. रट्गर्स सरकारीच, तिथे खुशाल टाका. खरा फास दुसऱ्या कॉलेजांतल्या अर्ली डिसिजनचा, म्हणजे बांधून घेणाऱ्या अर्ली अर्जाचा! तिथे विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर, तिघांच्या सह्या. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. दुसरीकडे किती आर्थिक मदत मिळाली असती ते कधी कळतच नाही. ज्यांना फीचा आकडा बघावा लागत नाही, त्यांची मात्र मजा.

खडूस_खान्देशी
सही करताना डोळे उघडे असतात ना? मदत पुरली नाही तर सोडतातही. आणि मदत वजा जाता किती खर्च येईल याचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर कॉलेजच्या साइटवर असतो, आधी भरून बघावा.

रानजाई
पगारदारांना ठीक आहे. स्वतःचं दुकान असेल, आईवडील विभक्त असतील, तर तो आकडा कुठल्या कुठे जातो. आणि शिक्षा कोणाला होते तेही बघा. २०२५ मध्ये एका विद्यार्थ्यानं शब्द मोडला म्हणून ट्युलेन विद्यापीठानं कोलोरॅडोतल्या त्याच्या अख्ख्या शाळेला वर्षभर अर्ली डिसिजन बंद केलं. पुढच्या बॅचनं काय घोडं मारलं होतं?

खडूस_खान्देशी
काउन्सेलरची सही शोभेपुरती नसते, ताई. शाळेनं हमी दिली होती.

पेठेतला_मामा
इकडून पुण्यातून दोन शब्द. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, एका वर्षी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, तोही ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्यावर कोणी धागे काढत नाही! भाचा ऑक्सफर्ड आणि येल अर्ली दोन्ही करतोय, नियमात बसतं. आमचं दुखणं वेगळंच आहे. परदेशी मुलानं मदत मागितली की बहुतेक अमेरिकन कॉलेजांत प्रवेशाचीच शक्यता घटते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ऐपत बघून नाकारत नाहीत, स्टॅनफर्ड मात्र ती विचारात घेतं. एकच अर्ली मिळणार असेल तर तो कुठे खर्चायचा, हे आमच्यासाठी तिथेच ठरतं.

एडिसनकर
मामा, हे उपयोगी आहे. पण खान्देशी, अमेरिकेतलं एमआयटीही खासगीच, ते अशी कुठलीही अट न घालता अर्ली चालवतं. तिथे कसा 'अर्थ' उरतो?

खडूस_खान्देशी
त्यांना घालायची गरजच काय? येल-प्रिन्स्टनला अर्ली टाकणाऱ्यांची एमआयटीच्या अर्लीची वाट त्या दोघांनीच अडवलेली असते. दुसऱ्यांच्या कुंपणावर उदार होणं सोपं आहे.