मदत हवी आहे: मिल्ट्री नर्सिंगचा इंटरव्ह्यू, 'लीडरशिप'वर गाडी अडकली

गोदाकाठची_नाईट (धागाकर्ती)
नाईट संपवून आत्ता रूमवर आले, झोप येईना म्हणून लिहायले. मिल्ट्री नर्सिंगचा इंटरव्ह्यू आहे दिल्लीला, दिवस राहिलेत आठ. बाकीचं बघून घेईन, पण 'ऑफिसर म्हणून लीडरशिप कशी दाखवाल' विचारलं की माझी बोबडीच वळते. काल मैत्रिणींनी समोर बसवून विचारलं. मी म्हणाले, 'सगळ्यांना सोबत घेऊन चालेन.' तिघीही फिस्सकन हसल्या.
यूट्यूबवरची उत्तरं नकोत, सगळी बघून झालीत. ज्यांनी हे काम केलंय त्यांनीच सांगा. आणि लवकर सांगा, प्लीज.
अजून एक, माझ्या हातावर गोंदण आहे. चालतं का?

लातूर_पॅटर्नवाले_सर
आधी नीटचा स्कोअर सांगा. कॅटेगरी? बारावी पहिल्या प्रयत्नात पास का? फिजिक्स-केमिस्ट्री-बायो-इंग्रजी मिळून ५० टक्के लागतात. बारावीनंतर मिल्ट्रीची बीएस्सी नर्सिंग करायला सहा कॉलेजं आहेत: पुण्याचं एएफएमसी, मुंबईचं अश्विनी, दिल्ली, लखनौ, कोलकाता, बंगळुरू. जागा सगळ्या मिळून २२०. २०२२ पासून नीटच्या मार्कांवरच बोलावतात. आपल्या मराठवाड्यातली पोरं एमबीबीएस हुकलं की बीएएमएसच्या मागं लागतात, ही वाट कुणाला ठाऊकच नाही. माझ्याकडं रिपीटर बॅच सुरू आहे, मेसेज करा.

टास्कमास्टर_संभाजीनगर
ताई, एसएसबी, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडायची चाचणी, पाच दिवसांची असते. चित्र बघून गोष्ट लिहायची, ग्राउंडवर फळी-दोरी-ड्रम घेऊन टीमला पलीकडं न्यायचं. अधिकाऱ्याचे पंधरा गुण ठरलेले आहेत, ते पाठ नाही, अंगात पाहिजेत. रोज पाच किलोमीटर पळायला लागा आजपासून.

गोदाकाठची_नाईट
नीट नाही हो सर! बीएस्सी नर्सिंग होऊन दोन वर्षं झाली. आयसीयूत स्टाफ नर्स आहे. शॉर्ट सर्व्हिसचं, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीचं म्हणायले मी. लेखी झालीय. आणि पळायचं कधी दादा, बारा तासांच्या नाईट चालल्यात.

सेलूकर
हे पहिल्या पोस्टीत लिहायला काय झालं होतं? दोन माणसांनी उगीच टायपिंग केलं.

गोदाकाठची_नाईट
मला वाटलं इंटरव्ह्यू म्हटलं की कळतं.

टास्कमास्टर_संभाजीनगर
तरी ग्राउंडची तयारी वाया जात नाही. मी स्वतः तीनदा एसएसबी दिलीय.

सेलूकर
तीनदा दिली म्हणजे निकाल काय लागला ते कळलंच. शॉर्ट सर्व्हिस नर्सिंगला पाच दिवसांची एसएसबी नसते. लेखी, मग बोर्डासमोर इंटरव्ह्यू, मग मेडिकल. घाबरवू नका पोरीला.

पाटोद्याचा_मामा
माझा भाचा बारावी सायन्स आहे, ५८ टक्के. त्याला यात भरता येईल का? उंची थोडी कमी आहे.

छावणीतली_मॅडम
एमएनएसमधून, म्हणजे मिल्ट्री नर्सिंग सर्व्हिसमधून, लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त. गाव परळीकडचं, आता संभाजीनगरला छावणीजवळ राहते.
पोरी, आधी तीन गोष्टी सांग. कोणत्या भाषेत अडतेस, इंग्रजीत की विचारातच? महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का? आणि गोंदण नेमकं कुठं आहे?
पाटोदेकर, मुलांना एमएनएसमध्ये प्रवेश नाही. त्यांच्यासाठी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंटची भरती असते. ती जवान म्हणून, अधिकारी म्हणून नाही. एकूण ५० आणि प्रत्येक विषयात किमान ४० टक्के लागतात. एखाद्या विषयात ३८ असतील तर ५८ चा उपयोग नाही.

गोदाकाठची_नाईट
नमस्कार मॅडम. इंग्रजी जमतं, विचारातच अडते. रजिस्ट्रेशन चालू आहे. गोंदण डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, तीन ठिपके आणि तुळस. मी सहावीत असताना आजीनं जत्रेत धरून बसवलं होतं. म्हणाली, मेल्यावर एवढंच सोबत येतं.

सेलूकर
माझ्या आईच्या हनुवटीवर होतं. बारीक हिरवा ठिपका. आता गोंदणारीच दिसत नाही कुठं.

छावणीतली_मॅडम
कोपरापासून मनगटापर्यंत आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्या ठिकाणी चालतं. तुझं चालेल. चेहऱ्यावर असतं तर अडचण होती. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट असते. फुल बाहीचा ब्लाउज घालून लपवायला जाऊ नकोस, विचारलं तर आजीचं नाव सांग.

बीडचा_बँकवाला
एक विचारतो, राग मानू नका. हे नर्सिंगवाले खरे ऑफिसर असतात का? मी ऐकलं, खांद्यावर स्टार असले तरी सॅल्यूट कुणी ठोकत नाही. त्यापेक्षा पोरींनी एनडीए द्यावी. आता मुलींना खुली आहे, आर्मीसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. नाशिकला मुलींसाठी सरकारी तयारी संस्थाही निघालीय.

गोदाकाठची_नाईट
दादा मी २४ वर्षांची आहे. एनडीए कुठून देऊ.

छावणीतली_मॅडम
राग मानते. १९४३ च्या अध्यादेशानं नर्सिंग सर्व्हिस सैन्याचा भाग झाली आणि आम्हाला कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं. भारतीय सैन्यात मेजर जनरल झालेली पहिली बाई कोण? गर्ट्रूड अॅलिस राम, १९७६. रणगाड्यातून नाही, नर्सिंगमधून आल्या. आणि ही सर्व्हिस आपल्याच दारातून आत आली. २८ मार्च १८८८ ला दहा नर्सेस बोटीनं मुंबईत उतरल्या, तिथून तिचा इतिहास मोजतात.
सॅल्यूटचं म्हणाल तर, हो, कधीकधी चुकवतात. मिलिटरी सर्व्हिस पे बाकीच्या अधिकाऱ्यांना १५,५०० आणि आम्हाला १०,८००, हेही खरं. यावरून वाद, कोर्टकचेऱ्या होत राहतात. पोरीनं हे माहीत करूनच जावं. पण बोर्डासमोर हे रडगाणं गायचं नाही.

बीडचा_बँकवाला
आणि लग्न केलं की काढून टाकतात ना?

सेलूकर
कुठल्या काळात आहात राव. १९८८ साली एका लेफ्टनंटबाईंना लग्न केलं म्हणून घरी पाठवलं होतं. ज्या नियमाखाली पाठवलं तो १९७७ चा, तो १९९५ लाच मागं घेतला. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या बाईंना ६० लाख द्यायला लावले.

गोदाकाठची_नाईट
हे माझ्या मामाला दाखवते. त्यानं सेनगावचं एक स्थळ आणलंय, मुलाकडचे म्हणायलेत नोकरी चालेल पण बदलीची नको.
माझा प्रश्न राहिलाच.

सुभेदार_आष्टीकर
जय हिंद. मेडिकल कोअरमधून सुभेदार रिटायर. बरीच वर्षं वॉर्ड मास्टर होतो. बेटा, तुला जो माणूस ऐकणार नाही असं वाटतंय, तो मीच. म्हणून माझं ऐक.
हवालदार होतो तेव्हाची गोष्ट. सर्जिकल वॉर्डात केरळच्या एक लेफ्टनंट मॅडम नव्यानं आल्या. तेवीस-चोवीसच्या. माझी सर्व्हिस १९ वर्षं. मी त्यांना 'सिस्टर' म्हणायचो आणि मनातून मोजायचोच नाही. एका रात्री त्यांनी ड्यूटी घेताना मॉर्फिनचं रजिस्टर मागितलं. कपाटात एक अँप्युल कमी. संध्याकाळी फुटलं होतं, लिहायचं राहिलं होतं. मी म्हणालो, होतं असं सिस्टर, सकाळी लिहू.
त्यांनी आवाज चढवला नाही. खुर्ची ओढली, एकेक अँप्युल ट्रेमध्ये काढून पुन्हा मोजलं. ड्यूटी डॉक्टरला फोन लावला. कचऱ्याच्या डब्यातून मला काचा शोधायला लावल्या, रात्री साडेनऊला, टॉर्च घेऊन. सापडल्या. मग स्वतःच्या अक्षरात नोंद केली, सही केली, खाली माझी सही घेतली. सकाळी मेट्रननी विचारलं तेव्हा म्हणाल्या, चूक माझी, मी मोजणी उशिरा केली.
त्या दिवसापासून मी 'मॅडम' म्हणायला लागलो. बोर्डाला हेच सांग, माणसाची चूक अंगावर घेतली की माणूस आपला होतो.

छावणीतली_मॅडम
सुभेदारसाहेब, गोष्ट नंबर एक, पण शेवट मला पटत नाही. चूक ज्याच्या हातून झाली त्याच्याच नावावर राहायला हवी. त्या मॅडमनी 'माझी चूक' म्हटलं ते ऐकायला गोड आहे, पण उद्या चौकशी बसली असती तर रजिस्टर एक बोललं असतं आणि त्या दुसरं. हाताखालच्याला वाचवायचं ते मेट्रनच्या खोलीत, दार लावून. कागदावर नाही.
आणि 'सिस्टर' म्हटल्यानं मला कधी कमीपणा वाटला नाही. जवान वेदनेत 'सिस्टर'च म्हणतो.

सुभेदार_आष्टीकर
मॅडम, कागदावर त्यांनी खरंच लिहिलं होतं. काय, किती वाजता, कुणाच्या हातून फुटलं. तोंडी फक्त स्वतःवर घेतलं.

छावणीतली_मॅडम
मग तुमच्या मॅडम माझ्यापेक्षा हुशार होत्या. मागे घेते.

टास्कमास्टर_संभाजीनगर
हेच ते पंधरा गुणांपैकी! जबाबदारीची जाणीव!

छावणीतली_मॅडम
गोदाकाठची, दुसऱ्याची गोष्ट बोर्डाला सांगू नकोस, दोन उलट प्रश्नांत उघडी पडशील. तू आयसीयूत आहेस. गेल्या काही महिन्यांत डॉक्टर यायच्या आत तुलाच काय ठरवावं लागलं? एक प्रसंग लिही इथं. सजवू नकोस.

गोदाकाठची_नाईट
आहे एक, पण ती लीडरशिप नाही, भांडण आहे.
पावसाळ्यात लाइट गेली. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागायला. व्हेंटिलेटरवर दोघं, बेड तीन आणि बेड सात. सातचं मशीन जुनं, त्याची बॅटरी धरलीच नाही, स्क्रीन काळी. मी तीनकडे होते, त्याचंही अलार्म वाजायलं. दुसरी सिस्टर खाली ब्लड आणायला गेलेली. वॉर्डात आमचे वॉर्डबॉय मामा होते, वय पन्नाशीच्या पुढं, मी नेहमी अहो-जाहो करते. त्या वेळी मी जोरात ओरडले, 'ए, सातची अंबू बॅग धर, मनात सहा मोज आणि दाब, हात थांबवायचा नाही!' त्यांनी ती हातानं श्वास द्यायची पिशवी धरली. मोबाईलची टॉर्च दातात धरून दाबत होते. लाइट आली. दोन्ही पेशंट ठीक.
पण मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नातेवाइकांसमोर मी त्यांना अरे-तुरे केलं म्हणून. तिसऱ्या दिवशी मी सगळ्या स्टाफसमोर त्यांना म्हणाले, तोंड चुकलं माझं, काम बरोबर सांगितलं होतं. ते म्हणाले, काम चूक होतं असं मी कधी म्हणालो? मग सात नंबरच्या मशीनची तक्रार मी लेखी दिली, तीन वेळा. चौथ्यांदा बॅटरी बदलली.

सुभेदार_आष्टीकर
पोरी, तू कशाला घाबरतेस?

छावणीतली_मॅडम
हीच गोष्ट. जशीच्या तशी. लाइट आली तिथं थांबू नकोस, तुझं खरं उत्तर त्याच्यापुढंच आहे: अबोला, माफी आणि तीन तक्रारी. बोर्ड विचारेल, माफी मागितल्यानं वचक गेला नाही का? तर मामांचं वाक्य सांग. विचारेल, जनरेटरची तपासणी कुणाची जबाबदारी? तर 'माझी नव्हती' म्हणू नकोस, आता तू शिफ्टच्या सुरुवातीला काय काय तपासतेस ते सांग. तपासतेस ना?

गोदाकाठची_नाईट
हो. ड्यूटी घेताना आधी प्लग काढून बॅटरी बघते, अंबू बॅग प्रत्येक बेडला टांगलेली आहे का बघते. बाकीच्या चिडवतात, लाइनमन आली म्हणून.

छावणीतली_मॅडम
मग लाइनमन हा शब्दही सांग. इंग्रजी सोपं ठेव. आणि वॉर्डात गेल्यावरचं म्हणशील तर, पहिल्या महिन्यात हवालदाराला काही शिकवायला जाऊ नकोस. राउंड त्याच्यासोबत घे, सामान कुठं आहे ते त्याला विचार. पण औषधाच्या कपाटाची चावी आणि सीरियस पेशंटची यादी, या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून तुझ्या. त्या यादीत नाव चढलं की गावाकडं घरच्यांना निरोप जातो. आमच्या परळीकडच्या एका आईला तसा निरोप गेला तेव्हा यादीखाली सही माझी होती. ती बाई दोन गाड्या बदलून आली आणि आधी मलाच शोधत आली.

लातूर_पॅटर्नवाले_सर
ज्यांच्या मुली अकरावीत आहेत त्यांनी मात्र नीटचं लक्षात ठेवा. चार वर्षं राहणं-खाणं सरकारी, वर विद्यावेतन, आणि पास झाल्यावर लेफ्टनंट. बॉन्ड नीट वाचून सही करा.

बीडचा_बँकवाला
आणि शॉर्ट सर्व्हिसमध्ये पुढं काय? पाच वर्षांनी घरी?

छावणीतली_मॅडम
पाच, मग वाढवत चौदापर्यंत. मध्ये क्रिटिकल केअर, ऑपरेशन थिएटर असे पुढचे कोर्स करता येतात. नंतर घरी आलेली नर्स घरी बसत नाही, काळजी नको.

सेलूकर
ताई, सचखंडचं रिझर्वेशन काढलं का? नांदेडला मिळालं नाही तर परभणी, जालना कोट्यानं बघा. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी पोचायचा हिशोब करू नका, ती गाडी लेट होते.

गोदाकाठची_नाईट
काढलं, दोन दिवस आधीचं. आरएसी आलंय. आई सोबत यायची म्हणायली, तिच्यासाठी वेटिंग ३१.
मॅडम, काका, आज ड्यूटीवर मामांना ही गोष्ट सांगितली, की मी तुम्हाला बोर्डासमोर नेणार आहे. ते म्हणाले, मोबाईल दातात धरल्याचं नको सांगू, कवळी आहे हे कळेल.

सुभेदार_आष्टीकर
हे तर नक्की सांग!

पाटोद्याचा_मामा
भाच्याला केमिस्ट्रीत ४१ आहेत. उंचीचं कुणी बोललंच नाही.