ऑगस्टमध्ये गॅलॅक्सला तंबू ठोकायचा विचार आहे. मेंडोलिन नेऊ का?

महालातला_मेंडोलिन

नमस्कार मंडळी. वय 63, मुक्काम महाल, नागपूर. 1982 ते 91 अशी नऊ वर्षं इथल्या एका ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवलं. गणपती, शारदोत्सव, लग्नं, कोळसा खाणींच्या वसाहतींतले कार्यक्रम. मग सिंथेसायझर आला. मेंडोलिन, अकॉर्डियन, बासरी सगळं एकाच माणसाच्या दहा बोटांत मावलं आणि आम्हाला नारळ मिळाला. त्यानंतर नोकरी एके नोकरी. मेंडोलिन कपाटावर. निवृत्त झाल्यावर खाली काढलं, आता रोज तासभर बसतो.

मुलगी अमेरिकेत शार्लटला असते. जुलैअखेर तिच्याकडे जातोय. तिथून दोन-एक तासांवर व्हर्जिनियात गॅलॅक्स नावाचं गाव आहे, तिथे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जुन्या फिडलवाल्यांचा (फिडल म्हणजे तिकडचं व्हायोलिन) मेळा भरतो, सोमवार ते शनिवार. 1935 पासून. मुलगी म्हणते, "बाबा, स्टेजवर स्पर्धा चालते ती चालते, पण खरी मजा मैदानात. लोक तंबू आणि गाड्यांच्या मधे खुर्च्या टाकून रात्रभर वाजवत बसतात. तुम्ही मेंडोलिन घेऊन या." तिने पाठवलेले व्हिडिओ पाहिले. ब्लूग्रास आणि ओल्ड-टाइम असे दोन प्रकार म्हणे. मला तर दोन्हींत एकच प्रश्न पडला, ही गाणी संपतात कधी?

तंबूची भीती नाही. पचमढीची नागद्वार यात्रा अकरा वेळा केली आहे. भर श्रावणात, चिखलात, प्लास्टिकच्या कागदाखाली, शेजारच्या मंडळाचं भजन रात्रभर कानाशी. बायकोचं म्हणणं एवढंच की नागद्वारला महादेव तरी आहे, तिथे कोण आहे?

अडचण वेगळी आहे. ओळखदेख नसलेल्या लोकांच्या घोळक्यात जाऊन बसायचं कसं? इंग्रजी कामापुरतं. स्वरलिपी येते, त्यांचं पाच रेघांचं नोटेशन येत नाही. आणि माझं वाद्य नागपूरचं. मे महिन्यात पोट बसतं, तारा पडद्यांना घासतात. कूलर लावला की दोन दिवसांत फुगून तारा वर. तिकडच्या पावसात त्याचं काय होईल? शाकाहारी आहे, तेही सांगा. कोणी गेलं आहे का?

धरमपेठची_फिडल

काका, मी गेले आहे, तीनदा. मूळची धरमपेठची, आता नॉर्थ कॅरोलिनात. व्हायोलिन नागपुरातच शिकले, मांडी घालून, हिंदुस्थानी पद्धतीचं. त्यामुळे तुमची धाकधूक कळते. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

नोटेशनची चिंता आजच सोडा. तिथे कागद समोर ठेवून वाजवणारा दिसला तर लोक त्याच्याकडे दयेने बघतात. सगळं कानावर. चाल दोन भागांची असते. पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, की एक आवर्तन झालं. ओल्ड-टाइममध्ये हेच आवर्तन दहा-पंधरा वेळा फिरतं आणि सगळे एकदमच चाल वाजवतात. एकटा कोणी पुढे येत नाही, सोलो नाही, टाळ्या नाहीत. आपल्या भजनी मंडळात पंधरा जण एकच ओळ घोळवत राहतात ना, तसं. पाचव्या फेरीपर्यंत चाल बोटांत येते. संपतं कधी हा तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि उत्तर पायात आहे! ज्याने चाल सुरू केली तो शेवटच्या फेरीत एक पाय पुढे उचलतो. पाय वर दिसला की भाग पुरा करून थांबायचं. मी पहिल्या वर्षी डोळे मिटून वाजवत होते. सगळे थांबले आणि मी एकटीच पुढे दोन मात्रा. कोणी काही बोललं नाही, पण शेजारच्या आजीबाई हसल्या.

ब्लूग्रासचं गणित वेगळं. तिथे प्रत्येकाला पाळी येते. गाणं म्हणून झालं की फिडल, मग बँजो, मग तुमच्याकडे मान वळते. वाजवायचं नसेल तर मान हलवा, पाळी पुढे जाते, अपमान वगैरे नसतो. मेंडोलिनचं मुख्य काम तिथे ठेक्याचं. डबल बासचा 'धूम' पडला की त्याच्या मागे तुमचा 'चक'. तारांच्या चारही जोड्यांवर फटका आणि लगेच डाव्या हाताची बोटं सैल, आवाज कापायचा. धूम-चक, धूम-चक, हाच त्यांचा तबला. आत्तापासून घोटून ठेवा. आणि राग मानू नका, ऑर्केस्ट्रातला ट्रेमोलो, म्हणजे एकच स्वर भरभर छेडत राहणं, जरा आवरा. सिनेमातल्या गाण्यात तो गोड लागतो, इथल्या वेगवान चालीत चिखल होतो.

स्वर सांगते. मेंडोलिन तुम्ही आपल्या सोयीने जुळवत असाल तर सा-रे विसरून खालून वर जी, डी, ए, ई असं जुळवा, फिडलसारखं. चाली बहुतेक पांढरी दोन, पांढरी पाच आणि पांढरी सहामध्ये, म्हणजे त्यांच्या डी, जी आणि ए या पट्ट्यांत. कित्येक सरळ भूप किंवा बिलावल, काहींत खमाजचा कोमल निषाद, आणि पांढरी सहातल्या काही जुन्या चाली ऐकून तुम्ही म्हणाल, अरे हा तर काफी. ओल्ड-टाइमवाले एकदा एका पट्टीत बसले की तास-दीड तास तिथेच राहतात, कारण पट्टी बदलली की बँजो आणि फिडल दोन्ही नव्याने जुळवायला लागतात. मधेच "आता दुसऱ्या पट्टीतलं घेऊ या" असं नवख्याने म्हणायचं नसतं.

बसायचं कसं? थेट खुर्ची ओढू नका. वाद्य पेटीत ठेवून घोळक्याच्या मागे उभे राहा, दोन-तीन चाली ऐका. कोणीतरी पेटीकडे बघून खुणावतोच. नाही खुणावलं तर पुढचा घोळका. काही घोळके वर्षानुवर्षांच्या मित्रांचे असतात, त्यांना आपसातच वाजवायचं असतं. ते मनाला लावून घ्यायचं नाही. दोन चालींच्या मधे टुंग-टुंग करत बसायचं नाही, हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. खुर्ची हात नसलेली घ्या, हाताच्या खुर्चीत कोपर अडकतं.

तंबू. गॅलॅक्स पचमढीपेक्षा थोडं कमी उंचीवर, ब्लू रिज डोंगरात. दुपारी घाम आणि रात्री 15-16 अंश, म्हणजे आपला नोव्हेंबर. शाल न्या. पाऊस येतोच. तंबूखाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये. माझी हातभर डोकावत होती. वरून ओघळलेलं सगळं पाणी तिच्यावर साचून तंबूखाली शिरलं आणि पहाटे तीनला माझी उशी तरंगायची बाकी होती. जागा मैदानाच्या कडेला बघा, नाहीतर पहाटे चारपर्यंत झोप विसरा. गवतात गोचीड असतात, रात्री पाय तपासा. मेंडोलिन दिवसा गाडीत ठेवायचं नाही, उन्हात सरस सुटतो. तिथे ते फुगणार हे नक्की. तारा ज्यावर टेकतात ती घोडी खालीवर करायचे स्क्रू असतील तर काम सोपं, नसतील तर नागपुरातूनच जरा बुटकी घोडी जास्तीची करून न्या.

खाणं. स्टॉलवर शाकाहारी म्हणजे बटाट्याचं तळण आणि गोडधोड. मक्याचा ब्रेड छान मिळतो. पण सोबतचे घेवडे बघून फसू नका, त्या भागात ते डुकराच्या चरबीत शिजवायची रीत आहे, विचारूनच घ्या. गॅसची शेगडी तिकडेच मिळते, नळकांडं विमानात चालत नाही. पोहे, चिवडा, तिखट-मिठाच्या पुऱ्या असल्या की सहा दिवस निघतात.

सीताबर्डीचा_पक्या

काका जाऊनच राहिले तर एक काम करा, तिथं तर्री पोह्याचा ठेला टाका. मेंडोलिन-बिंडोलिन राहू द्या, अमेरिकेत नाव होऊन जाईन. बाकी बँजो तर आपल्या गल्लीत दर लग्नात वाजून राहिला, त्याच्यासाठी इतक्या दूर कशाला जाता बे?

पाचतारी

पक्या, तो बँजो वेगळा. आपल्या बँजो पार्टीत वाजतं ते बुलबुलतरंगाच्या घराण्यातलं, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं. अमेरिकेतला बँजो म्हणजे डफाला लांब दांडी लावून तारा ओढल्या असं समज. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी भोपळ्याचं बूड आणि त्यावर कातडं ताणून तो तिकडे घडवला. गोऱ्यांच्या हातात नंतर आला. पाचवी तार आखूड असते, दांडीच्या मधूनच निघते, आणि अंगठ्याने सतत छेडली जाते. सतारीची चिकारीच ती. माझ्याकडे आहे एक. मी गच्चीवर वाजवत होतो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं होतं, वरात कुणाची?

मेंडोलिनकाका, एक भर. दोन्ही प्रकार एक नव्हेत आणि वयंही वेगळी. ओल्ड-टाइम डोंगरातल्या नाचाचं संगीत, रेडिओच्या आधीचं. ब्लूग्रास त्यातून निघालं ते स्टेज आणि रेडिओसाठी. केंटकीचे बिल मन्रो, जन्म 1911. 1939 मध्ये त्यांनी ब्लू ग्रास बॉईज ही पार्टी उभी केली आणि तिच्यावरून प्रकाराला नाव पडलं. 1945 च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज तीन बोटांत नख्या घालून बँजो वाजवत त्यांच्यात आले, तेव्हा हल्लीचा तो सुसाट आवाज तयार झाला. तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे मन्रो मेंडोलिनवाले. सगळ्या पार्टीला चाबकासारखं हाकायचे ते मेंडोलिनवरूनच. आपले तुकडोजी महाराज 1909 चे, म्हणजे जवळपास एकाच वयाचे. एकाच्या हातात खंजिरी, दुसऱ्याच्या हातात मेंडोलिन. याचा कशाशी काही संबंध नाही, पण मला उगाच आठवतं.

जायच्या आधी कान तयार करा. गॅलॅक्सजवळच माउंट एअरीला डब्ल्यूपीएक्यू नावाचं रेडिओ केंद्र आहे, 1948 पासूनचं, याच संगीताचं. इंटरनेटवर लागतं. दर शनिवारी सकाळी त्यांच्याकडे लोक येऊन प्रत्यक्ष वाजवतात, आपल्याकडे तेव्हा शनिवारची रात्र. मेंडोलिन घेऊन रेडिओसमोर बसा. पट्टी शोधा, चाल पकडा. तिथे नेमकं हेच करायचं आहे.

महालातला_मेंडोलिन

सप्टेंबर उजाडला, उत्तर द्यायला उशीर झाला. शार्लटहून लिहितोय.

गेलो. तीन रात्री राहिलो, मुलगी आणि जावई दोन. बुधवारी असा पाऊस की नागद्वार आठवलं. ताडपत्री आत दुमडली होती, धरमपेठच्या ताईंचे आभार. वाद्य फुगलंच. बुटकी घोडी घालून कामचलाऊ केलं.

पहिल्या संध्याकाळी दोन घोळक्यांच्या मागे उभा राहिलो, कोणी खुणावलं नाही. तिसऱ्या ठिकाणी निळ्या छताखाली पाच जण. फिडलवाल्या आजोबांचं वय ऐंशीच्या घरात, उजव्या हाताची करंगळी वाकडी, कमान मधोमध धरलेली. आमच्या गुरुजींनी हात फोडला असता अशी. त्यांनी हनुवटीने पेटीकडे खूण केली, मग रिकाम्या खुर्चीकडे. पांढरी दोनची चाल. तीन फेऱ्या मी नुसते 'चक' मारले, चौथीत चाल बोटांत आली. नवव्या-दहाव्या फेरीला बघतो तर आजोबांच्या बुटाचं टोक वर. मी थांबलो. बरोबर थांबलो हो!

तासाभराने त्यांनी मला विचारलं, तुझ्या गावचं काही? डोकं रिकामं झालं. मग नागद्वारच्या वाटेवर आमचं मंडळ म्हणतं त्या भजनाची चाल धरली, दोनच ओळींची. दुसऱ्या वेळेला बँजोवाली त्यात शिरली. तिसऱ्या वेळेला आजोबा. चाल त्यांनी जरा वाकडी केली, कोमल निषाद त्यांच्या हातून थोडा चढा लागत होता, पण ठेका पक्का. एक बाई शेजारच्या फळीवर उभी राहून पाय आपटत नाचायला लागली. मी चार फेऱ्यांनी थांबवणार होतो, पण पाय उचलायचं लक्षातच राहिलं नाही, त्यामुळे बराच वेळ चाललं. जावयाने व्हिडिओ काढलाय, बायकोला पाठवला. तिचं उत्तर आलं, "स्वेटर का घातला नाही?"

स्टेजवरची स्पर्धा फार पाहिली नाही. पुऱ्या चौथ्या दिवशी संपल्या.

आता एक काम. तिकडून आणलेला तारांचा संच चढवलाय, फॉस्फर ब्राँझचा, सगळ्यात जाड तार 40 ची (इंचाच्या हजाराव्या भागात). माझ्या जुन्या वाद्याची मान हा ताण झेलेल का? आणि असा संच नागपुरात कोणाकडे मिळतो, की पुण्याहूनच मागवावा लागेल? ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत येतोय. पाचतारी, तुमची गच्ची कुठल्या भागात आहे?