मदत हवी आहे: आत्याचा डीएनए मॉरिशसमधल्या गृहस्थांशी जुळला, संगमेश्वर तालुक्यातलं घराणं कसं शोधावं?

सोनवीकाठ

नमस्कार. आत्या (वय ७८) आणि मी, दोघांनीही अमेरिकेत अ‍ॅन्सेस्ट्रीची डीएनए चाचणी केली आहे. मूळ गाव देवरुखजवळ, समाज कुणबी. वडील हयात नाहीत. दोघांच्याही यादीत मॉरिशसचे एक मराठी गृहस्थ आले आहेत.

आत्या: ५८ सेंटीमॉर्गन (जुळणाऱ्या डीएनएचं माप), ४ तुकडे, सर्वांत लांब तुकडा ३१, अनवेटेड (काही वजा न करता) ६९.
मी: २४ सेंटीमॉर्गन, ३ तुकडे, सर्वांत लांब १३, अनवेटेड ३१.

त्यांचे पूर्वज मुंबई बंदरातून ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेले, एवढंच त्यांना ठाऊक आहे. त्यांचं आडनाव 'जी'ने संपतं. तसं आडनाव आमच्या भावकीत नाही, तालुक्यातही सापडत नाही. आमची वंशावळ खापरपणजोबांपर्यंत (जन्म अंदाजे १८५०) तोंडी माहीत आहे. आणखी एक गोष्ट: आजी ही आजोबांच्या सख्ख्या मामाची मुलगी.

प्रश्न असे. नातं किती पिढ्यांवरचं असेल? शोध आमच्या भावकीत घ्यायचा की दुसरीकडे? गावाकडे आजोबांचे चुलत भाऊ (८४) आहेत, त्यांची चाचणी करून उपयोग होईल का? आणि इथली कागदपत्रं कुठे मिळतील?

---

दर्यापार

आडनाव जुळवणं आधी थांबवा. मॉरिशसच्या नोंदींत मजुराचं फक्त स्वतःचं नाव आणि बापाचं नाव लिहिलं जाई. पुढच्या पिढीत त्यातलंच एखादं नाव आडनाव झालं. कोकणात तेव्हा रामजी, बाबाजी, धोंडजी अशी नावं घरोघर होती, म्हणून तिथल्या मराठी कुटुंबांत 'जी'ने संपणारी आडनावं भरपूर सापडतात. ते आडनाव म्हणजे एका माणसाचं पाळण्यातलं नाव. इथल्या कुळाशी त्याचा संबंध नाही.

तुमची पहिली पायरी मॉरिशसमध्येच आहे. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर तिथे उतरले आणि प्रत्येकाला स्वतंत्र आप्रवासी क्रमांक मिळाला. त्यांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात आहेत. नोंद चांगली असेल तर जहाज, उतरल्याची तारीख, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, परगणा, गाव आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं, हे सगळं एका ओळीत मिळतं. १८६० च्या दशकापासून पुढे काहींची छायाचित्रंही आहेत.

ही नोंद बाहेरच्या कुणाला सहजी दाखवत नाहीत. वंशज असल्याचा पुरावा लागतो, म्हणून अर्ज त्या गृहस्थांनीच करायला हवा. त्यांनी पोर्ट लुईच्या सिव्हिल स्टेटस कार्यालयातून स्वतःचा, वडिलांचा, आजोबांचा असे जन्म आणि विवाहाचे दाखले क्रमाने काढत मागे जायचं. मॉरिशसमध्ये जन्मलेल्या पहिल्या पिढीच्या दाखल्यावर बापाचा आप्रवासी क्रमांक बहुधा लिहिलेला असतो. तो हाती आला की काम सोपं. तो नसेल तर नुसत्या नावावर शोधणं फार कठीण, कारण एकाच नावाची आणि एकाच बापाच्या नावाची माणसं डझनांनी निघतात.

त्यांना पत्र लिहाल तेव्हा नातं काय असेल हे विचारू नका. आप्रवासी क्रमांक, जहाज, मळ्याचं नाव आणि डीएनए जुळणीत दिसणारी त्यांची बाजू (आईकडची की वडिलांकडची) एवढंच विचारा. प्रश्न नेमके असले की उत्तरं येतात.

---

सेंटीमॉर्गन

आकड्यांविषयी. तुमचे २४ बाजूला ठेवा आणि आत्यांचेच आकडे धरून चाला. त्या एक पिढी वर आहेत. शिवाय ३१ चा तुकडा त्यांच्याकडे अखंड आहे, तुमच्यापर्यंत येताना तो तुटलेला दिसतो.

पाच पिढ्या वरचं जोडपं समान असेल, म्हणजे इंग्रजीत ज्याला चौथे कझिन म्हणतात ते नातं असेल, तर जुळणाऱ्यांमध्ये सरासरी ३५ सेंटीमॉर्गन येतात आणि विस्तार ० ते १३९ इतका मोठा आहे. १८५० च्या सुमाराला गेलेला माणूस आत्यांच्या खापरपणजोबांचा भाऊ असेल, तर ५८ हा आकडा त्यात आरामात बसतो. पण हे तक्ते प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या जातीत आणि पंचक्रोशीतच लग्नं झालेल्या समाजात तीच दोन माणसं चार-पाच वाटांनी नातलग असतात. प्रत्येक वाटेचा थोडा थोडा डीएनए जमून बेरीज फुगते आणि दहा पिढ्यांचं नातं पाचाचं वाटू लागतं.

म्हणून एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकडा बघायचा. ५८ ची बेरीज ८-९ च्या सहा-सात तुकड्यांनी झाली असती, तर मी हा शोध सोडून द्यायला सांगितलं असतं. ३१ चा अखंड तुकडा मात्र बऱ्यापैकी अलीकडच्या एका पूर्वजाकडे बोट दाखवतो. तो गांभीर्याने घ्यावा.

अ‍ॅन्सेस्ट्री ९० सेंटीमॉर्गनखालच्या जुळण्यांत समाजात सर्रास आढळणारे तुकडे वजा करते, म्हणून ५८ आणि ६९ असा फरक दिसतो. ११ च वजा झाले, हेही चांगलं लक्षण.

तुकडा कोणत्या गुणसूत्रावर कुठे आहे, हे अ‍ॅन्सेस्ट्री दाखवत नाही. त्यासाठी आत्यांच्या खात्यातून कच्चा डेटा उतरवा आणि झिप फाइल न उघडता जीईडीमॅच या डीएनए तुलनेच्या संकेतस्थळावर चढवा. त्या गृहस्थांनाही तसंच करायला सांगा. मग 'वन-टू-वन' तुलना करा. मूळची ७ सेंटीमॉर्गनची मर्यादा आपल्या समाजांसाठी फार सैल आहे, ती १५ वर न्या. तिथेच आत्यांच्या किटवर 'आर युवर पेरेंट्स रिलेटेड' (आईवडील एकमेकांचे नातलग आहेत का) हेही चालवा. आजी ही आजोबांच्या मामाची मुलगी, या तुमच्या वाक्यामुळे ते आवश्यकच आहे.

---

सुतावरून

त्या वाक्याबद्दलच सविस्तर लिहितो, कारण सगळा पेच तिथे आहे.

आजी ही आजोबांच्या मामाची मुलगी. म्हणजे आजोबांची आई आणि आजीचे वडील ही सख्खी भावंडं. त्या माहेरच्या घराण्याला आपण 'मामाकूळ' म्हणू. आत्यांना मामाकुळाचा डीएनए दोन वाटांनी मिळालाय: वडिलांमार्फत, त्यांच्या आईकडून, आणि आईमार्फत, तिच्या वडिलांकडून. तुमच्या आडनावाच्या भावकीचा मात्र एकाच वाटेने. त्यामुळे ही जुळणी मामाकुळातून आली असण्याची शक्यता भावकीपेक्षा जास्त आहे. भावकीची वंशावळ कितीही पक्की केलीत आणि मॉरिशसला गेलेला माणूस आजीच्या माहेरचा निघाला, तर सगळी मेहनत भलत्याच गावात जाईल.

इथेच तुमचे ८४ वर्षांचे चुलत आजोबा मोलाचे ठरतात. आजोबांच्या वडिलांकडची बाजू त्यांच्यातही आहे, पण मामाकुळाचं रक्त त्यांच्यात नाही (त्यांची आई त्याच घराण्यातली नाही ना, हे आधी विचारून घ्या). ३१ चा तुकडा त्याच जागी त्यांच्यातही निघाला, तर नातं भावकीच्या बाजूचं, हे जवळजवळ नक्की. नाही निघाला तर घाईने निष्कर्ष काढू नका. एवढ्या अंतरावर निम्मे नातलग मुळीच जुळत नाहीत. मग आजीच्या सख्ख्या भावाच्या मुलाची किंवा मुलीची चाचणी करून तोच तुकडा शोधायचा. ते मात्र तुमच्या दोन्ही बाजूंना नातलग आहेत, त्यामुळे त्यांच्या होकारार्थी निकालाचा अर्थ चुलत आजोबांच्या निकालाशेजारी ठेवूनच लावा.

वाय गुणसूत्राची चाचणीही सुचवली जाईल. ती बापाकडून मुलाकडे, अशी सरळ पुरुषरेषेतच चालते. मॉरिशसचे गृहस्थ त्या मजुराच्या मुलाच्या मुलाच्या मुलाचे असतील तरच उपयोग. मध्ये एक जरी मुलगी आली तरी पैसे वाया. रेषा सरळ असेल तर चुलत आजोबा आणि ते, दोघांनी ३७ खुणांची चाचणी करावी. ३७ पैकी ३७ किंवा ३६ जुळल्या तर एकच मूळपुरुष धरायला हरकत नाही. बऱ्याच खुणा जुळल्या नाहीत, तर त्या घराण्यात दत्तक झालं होतं का, हे विचारा. भावकीतला मुलगा दत्तक घेतला असेल तर वाय तोच राहतो, मुलीचा मुलगा घेतला असेल तर बदलतो. गोत्र किंवा कुलस्वामिनी एक आहे म्हणून वाय एक असेल, असं अजिबात समजू नका.

---

सोनवीकाठ

खूप आभार. चुलत आजोबांच्या आईचं माहेर वेगळं आहे, विचारून घेतलं. चाचणी प्रत्यक्ष कशी करावी? अ‍ॅन्सेस्ट्रीचं किट भारतात येत नाही.

दुसरं, त्या गृहस्थांना क्रमांक सापडला. वर्ष १८५९, बापाचं नाव बाबाजी, जिल्हा रत्नागिरी, जात 'मराठा', गाव इंग्रजीत 'डेवरूक'सारखं काहीतरी.

---

सेंटीमॉर्गन

किट ज्या देशात विकत घेतलं तिथूनच परत पाठवायचं असतं, म्हणून कुणाच्या सामानातून आणून परत नेण्याच्या भानगडीत पडू नका. या वयात थुंकीच्या नळीपेक्षा गालाच्या आतून फिरवायचा बोळा बरा. तो फॅमिली ट्री डीएनए ही कंपनी वापरते आणि वाय चाचणीही तिथेच होते. पैसे भरण्याआधी ऑर्डरच्या पानावर भारताचा पत्ता चालतो का ते बघा.

नमुन्याआधी किमान तासभर खाणं, पिणं, तंबाखू काही नको. तोंडात पान-सुपारी असणाऱ्यांचे नमुने नापास होऊ शकतात, म्हणून सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी घ्या. बोळा गालाच्या आत दाबून घासा, नुसता फिरवून पेशी निघत नाहीत. उजव्या आणि डाव्या गालाला वेगळा बोळा.

आणि आजोबांना सगळं मराठीत नीट समजावून त्यांची संमती घ्या. अनपेक्षित नाती उघडी पडू शकतात, हे आधीच सांगा. जीईडीमॅचवर पोलिस तपासासाठी डेटा वापरू द्यायचा की नाही, हा पर्याय असतो. तो त्यांनी निवडावा, तुम्ही नाही. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए कंपनीमधून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली, तेव्हा पासवर्ड वेगळा ठेवा आणि दुहेरी पडताळणी चालू करा.

---

मोडीवाचक

नोंद मिळाली हे फार चांगलं झालं, पण ती जशीच्या तशी धरू नका.

'मराठा' हा शब्द मुंबईहून गेलेल्या मराठी बोलणाऱ्यांसाठी ढोबळपणे लिहिला जाई. त्यावरून कुणबी नाहीत असं ठरत नाही. 'रत्नागिरी जिल्हा' म्हणजे आजचा जिल्हा नव्हे, सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. 'डेवरूक' हे देवरुख असेलच असं नाही. माणूस वाडीचं नाव सांगे, कारकून जवळच्या बाजारगावाचं लिही. परगण्याचा रकाना वाचला का? नसेल तर त्या पानाचं छायाचित्र मागवा आणि आजूबाजूच्या दहा ओळीही वाचा. एका गावची माणसं जोडीने भरती होत. शेजारच्या ओळीत शेजारचं गाव स्पष्ट अक्षरात सापडतं.

इथले कागद. १८५९ च्या जवळ जाणारे म्हणजे कडईपत्रक (जमिनीची जुनी नोंद) आणि खोती गावांची बोटखतं, ज्यांत खोताकडे जमीन कसणाऱ्या कुळांची नावं येतात. तालुक्याचं भूमी अभिलेख कार्यालय आणि तहसीलचा अभिलेख कक्ष, दोन्हीकडे नकलेचा अर्ज द्या. अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि कागदाचं नाव लिहा. 'आमची वंशावळ द्या' असा अर्ज परत येतो. सर्व्हे नंबर सातबाऱ्यावरून घ्या आणि जुने फेरफार एकेक करत मागे जा. वारसांची नावं नात्यासकट फेरफारातच मिळतात. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन झालेले फेरफार घरबसल्या बघता येतात.

गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यू आहेत. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्या. शिंदे समिती नेमल्यावर या वह्या मोठ्या प्रमाणावर तपासल्या गेल्या. रत्नागिरी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तुमच्या गावाची पानं आहेत का ते आधी पाहा. जुनी पानं मोडीत असतात. वाचणारे हवे असतील तर पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गातून तयार झालेले लोक भेटतात.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही सोडू नका. आडनाव सांगण्याआधी गाव सांगा, कारण यजमान गावांनुसार वाटलेले असतात. तारीख शकात असेल तर ७८ मिळवा (जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९), फसली सनाची असेल तर ५९०, शुहूर सनाची असेल तर ५९९ (दोन्ही जुन्या कालगणना). फसली आणि शुहूर मृगापासून बदलतात, त्यामुळे जानेवारी ते मृग या महिन्यांत एक जास्त.

हे सगळं दोन्ही घराण्यांसाठी करा, भावकीसाठी आणि आजीच्या माहेरासाठीही. 'बाबाजी' कुठल्या वाडीत निघतो ते बघायचंय. आणि गावात विचाराल तेव्हा 'मॉरिशस' शब्दावर अडू नका. तिकडे तो 'मिरीच' म्हणून आठवणीत असू शकतो, किंवा नुसताच 'परदेशी गेला तो आलाच नाही' असा. शिमग्यात पालखी घरोघर येते तेव्हा मानाच्या क्रमावरून थोरली-धाकटी शाखा कळते. ज्या शाखेचा मान मध्येच दुसऱ्याकडे गेला असेल, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आधी भेटा.