रसायनांशिवाय बागेतलं तळं: तुमचे अनुभव

तळ्याकाठी
पहिला पाऊस पडला, बेडूक ओरडायला लागले आणि 'पाणी हिरवं झालं, मोरचूद टाका' हा जुना सल्ला पुन्हा कानावर आला. नका टाकू. शेवाळ मरतं, पण गोगलगायी आणि बेडकांची पिल्लंही मरतात. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मग पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. हिरवेपणाचं कारण ऊन आणि खत. निम्मं पाणी कुमुदिनीच्या पानांखाली आणि आत हायड्रिला, व्हॅलिसनेरिया अशी पाण्याखाली वाढणारी झाडं असू द्या. सगळं पाणी एकदम बदलू नका. तुम्ही काय करता? लिहा.

कुंडीवाली
कुमुदिनीला शेणखत किती?

तळ्याकाठी
शून्य. गांडूळखतही नको. चिकट शेतमाती, वर दोन बोटं खडी.

खोदकाम
तळ्यात अंथरायचं प्लास्टिक कुठलं म्हणून कुणी विचारायच्या आत सांगतो: शेततळ्याचा कागद, 500 मायक्रॉन. लांबी + दुप्पट खोली + 60 सेंमी, रुंदीलाही तोच हिशोब. 2 मी × 1.5 मी × 60 सेंमी खड्ड्याला 3.8 × 3.3 मी. खाली वाळू किंवा जुनी सतरंजी, नाहीतर खडा टोचतो. एक काठ उतरता ठेवा, उभ्या भिंतीतून बेडकाच्या पिल्लांना बाहेर पडता येत नाही. सिमेंटची टाकी असेल तर चुना उतरेपर्यंत दोन-तीन आठवडे पाणी भरा-सोडा, मगच झाडं.

मच्छरमार
आणि डास??? गप्पी सोडू का?

चतुर_टाचणी
गप्पी नकोत! दक्षिण अमेरिकेतला मासा, बेडकांची पिल्लं फस्त करतो आणि पुरात ओढ्यात गेला की आवरत नाही. आपला पट्टेरी पँचॅक्स घ्या.

बेडूकप्रेमी
तोही पिल्लं खातोच की. बेडूक हवेत तर मासेच नकोत. चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, फक्त त्यांना चढायला वेखंडासारखी उभी झाडं हवीत. त्या येईपर्यंत बीटीआय चालतं, ते डासांच्या अळ्या मारणारं औषध जिवाणूंपासून बनतं. डेंगीच्या डासाचं खरं घर कुंडीखालची ताटली. त्याची अंडी कडेला चिकटून कोरडी महिनोनमहिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आठवड्याला घासा.

मच्छरमार
ताटल्या घासायचं काम नवऱ्याकडे 😀

गच्चीवरून
गच्चीवर जमेल का?

खोदकाम
60 सेंमी पाणी म्हणजे चौरस मीटरला 600 किलो. गच्ची साधारण 150 किलो धरून बांधतात. टब ठेवा, तोही तुळईजवळ, आणि आधी इंजिनियरला विचारा.

कुंडीवाली
गाळ कधी काढायचा?

तळ्याकाठी
थंडीत, आणि एका वेळी अर्धाच. पावसाळ्यात अंडी असतात. उपसलेलं शेवाळ रात्रभर काठावर ठेवा, त्यातले जीव परत पाण्यात जातात. उन्हाळ्यात नळाचं पाणी घालायचं तर दिवसभर उघड्या बादलीत ठेवून, थोडं थोडं.

भेदरलेली
पण बेडूक आले की साप येणार ना 😟

चतुर_टाचणी
येईल, पाणदिवड. बिनविषारी आहे, पण डिवचलं तर चावते. नायलॉनची जाळी मात्र लावू नका, साप त्यात अडकून मरतात.

भेदरलेली
आमच्या सासूबाईंना हे कोण सांगणार

बेडूकप्रेमी
फोटो टाका, ओळखून देतो. सापाचा, सासूबाईंचा नव्हे.