मदत हवी आहे: डिनचा रेग्युलेटर, टाक्या योकच्या

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात अंदमानातल्या हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) स्कूबा डायव्हिंगचा बेत आहे. जर्मनीतल्या आतेभावाच्या ओळखीत एक वापरलेला रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वास घेता येईल अशा दाबावर आणणारं उपकरण) स्वस्तात मिळतोय, पण तो डिनचा, म्हणजे टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसवायचा. भाड्याच्या टाक्यांवर मात्र योकचा (रेग्युलेटर बाहेरून शिकंज्याने आवळायचा) व्हॉल्व्ह असणार असं धरून चाललोय.

प्रो व्हॉल्व्ह (योक आणि डिन दोन्ही चालणारा) असेल तर प्रश्नच मिटला: ॲलन कीने मधला इन्सर्ट काढायचा, की डिन थेट आत फिरतो. पण साधा जुना व्हॉल्व्ह निघाला तर ॲडॉप्टर लागणारच. तो लावला की फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग) आणखी डोक्याकडे सरकतो आणि मान मागे केली की टाळक्याला लागतो, शिवाय ओ-रिंग एक जास्त. दाबाची काळजी नाही. योक २३२ बारपर्यंत चालतो आणि ॲल्युमिनियमच्या टाक्या साधारण २०० बारलाच भरतात.

खरी धास्ती वेगळीच आहे. युरोपात नायट्रॉक्ससाठी (जास्त ऑक्सिजनच्या हवेसाठी) एम२६, म्हणजे २६ मिमी व्यासाच्या आट्यांचे रेग्युलेटरही विकतात. लांबून दिसायला डिनसारखेच, पण नेहमीच्या डिन व्हॉल्व्हमध्ये बसत नाहीत. भावाला आट्यांचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजायला सांगितलंय. २३ मिमीच्या आत भरला तर नेहमीचा डिन, २६ च्या जवळ गेला तर नकोच. एवढी खात्री पुरते ना?

आणि ॲडॉप्टरवर भागवू, की फर्स्ट स्टेजला कायमचा योक बसवून घेऊ? पुण्या-मुंबईत हे काम भरवशाने कोण करतं? अंदमानात स्वतःचा डिन वापरलेल्यांनी जरूर सांगा.